नाव एकदाच लिहा

वर्गशिक्षकाच्या हातून एका मुलाचं नाव वर्षभरात कुठं कुठं लिहिलं जातं, ते एकदा मोजून पाहा. हजेरीपट, फीची नोंद, घटक चाचणीची गुणयादी, सहामाहीची गुणयादी, निकालपत्रक, प्रगतिपुस्तक, सहलीची यादी, शिष्यवृत्तीचा अर्ज, वजन-उंचीचा तक्ता, यू-डायसची माहिती. नाव तेच, जन्मतारीख तीच. पण दर वेळी लिहायचं नव्यानं आणि तपासायचंही नव्यानं. कार्यालयात किंवा दुकानात बसणाऱ्यांचं फार वेगळं नाही. एकच पत्ता बिलावर, पावतीवर, पत्रावर आणि पार्सलवर उतरवला जातो. वेळ वाचवायची सुरुवात इथून करायची. कुठलं ॲप घ्यावं, हा प्रश्न बराच नंतरचा.

या लेखात चेन्नईची उदाहरणं बरीच येतील, आणि त्याला कारण आहे. कार्यालयीन कामं आपोआप व्हावीत म्हणून लागणारं सॉफ्टवेअर बनवणं हा त्या शहराचा मोठा उद्योग आहे. १९९६मध्ये ॲडव्हेंटनेट नावानं सुरू झालेली झोहो तिथलीच, २०१०मध्ये निघालेली फ्रेशवर्क्सही तिथलीच. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमाचे अभ्यासक्रम चालवण्यात पुढे असलेली आयआयटी मद्रासही त्याच शहरात आहे. आणि शिक्षकाचा वेळ वाचवण्याचा एक जगभर गाजलेला प्रयोग सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी याच शहरात झाला होता. त्याच्याबद्दल पुढे सांगणार आहे, कारण त्याचं जे पुढे झालं ते आपलंही होऊ शकतं.

आधी एक आठवडा साधी वही जवळ ठेवा. शिकवण्याव्यतिरिक्त जे जे काम कराल, त्यापुढे तीन गोष्टी टिपा: वेळ किती लागला, हे काम पुन्हा करावं लागणार आहे का, आणि करताना डोकं लावावं लागलं का. पुन्हा पुन्हा येणारी आणि डोकं न लावता होणारी कामं यंत्राकडे द्यायची. एकदाच येणाऱ्या कामासाठी साधन शिकत बसू नका; ते हातानं लवकर होतं. आणि ज्या कामात मुलाचा चेहरा आठवावा लागला, त्यावर खूण करून ठेवा. त्या कामांकडे आपण वेगळं पाहणार आहोत.

वहीत सर्वांत वर बहुधा यादीची कामं येतील. म्हणून पहिलं पाऊल म्हणजे एकच मुख्य यादी. गूगल शीट्स, एक्सेल, झोहो शीट, लिबरऑफिस, काहीही चालेल. एका ओळीत एक मूल. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव यांना वेगवेगळे रकाने. ‘श्री.’ आणि ‘सौ.’ नावाला चिकटवू नका, नाहीतर यादी आडनावानुसार लावायला गेलात की सगळे ‘श्री.’ एका जागी गोळा होतात. सर्वांत डावीकडे जनरल रजिस्टरचा क्रमांक ठेवा. बाकी सगळे तक्ते या क्रमांकावरून जोडायचे, नावावरून कधीच नाही.

हे इतक्या आग्रहानं सांगायचं कारण मराठीच्या लिखाणात आहे. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ ही संगणकाला दोन वेगळी माणसं वाटतात. गोऱ्हे किंवा कुऱ्हाडे या आडनावांमधला अर्धा ‘र’ तर संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवला जातो. डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात, पण एका यादीतले गोऱ्हे दुसऱ्या यादीत सापडत नाहीत आणि चूक कुठं आहे ते कितीही पाहिलं तरी दिसत नाही. क्रमांकाला हा त्रास नाही.

जुन्या याद्या श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. त्यामुळे नाव शोधता येत नाही, अकारविल्हे क्रम लागत नाही आणि फाइल दुसऱ्याच्या फोनवर गेली की निरर्थक अक्षरं दिसतात. फॉन्ट बदलून देणारी मोफत साधनं आहेत. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार तेवढे नजरेखालून घाला. गुण भरताना मात्र इंग्रजी अंक वापरा. देवनागरी अंकांना ही साधनं बहुधा मजकूर समजतात आणि बेरीज शून्य दाखवतात. तारखांचीही एक खोच आहे. गूगल शीट्सच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका राहिला असेल, तर ३ जुलैला जन्मलेलं मूल ७ मार्चचं होऊन बसतं. देश भारत करा आणि मगच तारखा भरा.

या यादीसाठी दोन-तीन संध्याकाळी द्याव्या लागतील. त्या द्याच. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. यादी अस्वच्छ असेल, तर महागातलं महाग साधनही चुकाच वेगानं पसरवेल.

यादी झाली की सूत्रं फार लागत नाहीत. एक्सलुकअप किंवा जुनं व्हीलुकअप क्रमांक पाहून नाव आणतं. काउंटइफ गैरहजेरी मोजतं. अटीनुसार रंग देण्याची सोय, म्हणजे कंडिशनल फॉरमॅटिंग, अलीकडच्या दिवसांत वारंवार गैरहजर राहिलेल्या मुलाचं नाव लाल करून दाखवते. या तीन गोष्टी येणारा शिक्षक पुष्कळ पुढे जातो. त्यानंतर मेल मर्ज शिका. वर्डच्या ‘मेलिंग्ज’मध्ये ती सोय जुनीच आहे आणि लिबरऑफिसमध्येही आहे. प्रगतिपत्रकाचा किंवा बोनाफाइडचा नमुना एकदा तयार करायचा, नावाच्या, वर्गाच्या, जन्मतारखेच्या जागा यादीशी जोडायच्या आणि साठ मुलांची साठ पत्रकं एकदम काढायची. सगळी छापण्याआधी दोनच काढून मूळ रजिस्टरशी ताडून पाहा.

आता तपासण्याकडे येऊ, कारण शिक्षकाचा सर्वांत जास्त वेळ तिथंच जातो. आयआयटी मद्रासनं २०२०मध्ये प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी हजारोंनी आहेत आणि त्यांनी लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम माणसानं वाचणं शक्य नाही. तिथं यंत्र ठरावीक माहिती त्या प्रोग्रॅमला देतं, अपेक्षित उत्तर येतं का ते पाहतं आणि विद्यार्थ्याला लगेच कळवतं. चुकलं तर तो दुरुस्त करून पुन्हा पाठवू शकतो. परीक्षा मात्र केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते. २००३मध्ये सुरू झालेल्या एनपीटीईएलच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांतही हेच दिसतं: आठवड्याचा गृहपाठ यंत्र तपासतं आणि प्रमाणपत्राची परीक्षा देखरेखीखाली होते. देशातल्या नामवंत संस्थांनीही सराव यंत्राकडे दिला आणि निवाडा स्वतःकडे ठेवला. शाळेतही ही वाटणी तशीच्या तशी घ्यावी असं मला वाटतं.

सरावासाठी गूगल फॉर्म्समधली क्विझची सोय पुरते. उत्तरसूची आधी भरली की गुण आपोआप मिळतात. लेखी छोटी उत्तरं यात टाळा. मुलानं ‘रायगड किल्ला’ लिहिलं आणि तुम्ही ‘रायगड’ भरलं असेल, तर यंत्र त्याला शून्य देईल. पर्याय द्या, पण चुकीचे पर्याय विचार करून लिहा. १/२ आणि १/३ यांच्या बेरजेत २/५ हा पर्याय हवाच, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणारं मूल तोच निवडतं. २/६ निवडणाऱ्याचा घोटाळा निराळा आहे: त्याला छेद सारखे करायचे हे माहीत आहे, पण अंश बदलायचे राहिले. असे पर्याय असले की निकालातून गुणांपेक्षा कितीतरी जास्त कळतं. निम्म्याहून अधिक मुलांचे चुकलेले प्रश्न फॉर्म स्वतः वेगळे काढून दाखवतो. दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू करा. कोणी २/५ निवडलं ती नावं समोर असतात. त्या पाच-सहा मुलांना घेऊन बसायला दहा मिनिटं पुरतात.

मुलांकडे फोन नसतील तर प्लिकर्स पाहा. प्रत्येक मुलाच्या हातात एक छापील कार्ड असतं, त्यावर चौकोनी नक्षी असते. कार्ड चार बाजूंनी धरता येतं आणि वर आलेली बाजू म्हणजे उत्तर. शिक्षकानं आपला एकच फोन वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. शेजाऱ्याचं पाहून उत्तर देणंही कठीण, कारण प्रत्येकाची नक्षी वेगळी. जिल्हा परिषदेच्या शाळांना हे साधन फार उपयोगी आहे.

एकदाच करून अनेकदा वापरायचं, हे समजावून सांगण्याच्या बाबतीतही जमतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, हे सर्वांना माहीत आहे. त्याआधीच असे कोड महाराष्ट्राच्या आणि तमिळनाडूच्या सरकारी पाठ्यपुस्तकांत छापले जाऊ लागले होते. तुम्हालाही हे करता येतं. दर वर्षी मुलं जिथं अडतात अशा चार-पाच जागा निवडा, प्रत्येकीवर पाच मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि त्याचा कोड गृहपाठाच्या कागदावर छापा. तेवढं पुरे आहे. सगळा अभ्यासक्रम चित्रित करायच्या मागे लागू नका.

आता वहीत खूण केलेल्या कामांकडे येऊ. महाराष्ट्रातल्या शिक्षकांना आकारिक मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदी माहीत आहेत: विशेष प्रगती, आवड आणि छंद, सुधारणा आवश्यक. या रकान्यांसाठी तयार वाक्यांच्या याद्या सर्वत्र फिरतात. सत्र संपताना वेळ नसतो आणि त्यातली वाक्यं उतरवली जातात. ‘वाचन स्पष्ट उच्चारात करतो’ हे वाक्य चाळीस मुलांच्या पानावर येतं. शिक्षकांना दोष द्यायचा म्हणून हे सांगत नाही. दोन दिवसांत चाळीस मुलांबद्दल खरं लिहा, असं म्हटलं तर कोणीही हेच करेल. पण जे काम माणसानंच करायला हवं, ते इथं यांत्रिक झालं आहे, आणि याला उपाय आहे.

फोनवर एक छोटा फॉर्म करून ठेवा: मुलाचा हजेरी क्रमांक आणि खाली एक मोकळी जागा. फॉर्मची खूण फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवा. वर्गात काही दिसलं की क्रमांक टाका, कीबोर्डवरचा माइक दाबा आणि मराठीत एक वाक्य बोला. ‘आज पहिल्यांदा स्वतःहून फळ्याजवळ आली.’ ‘हातच्याची वजाबाकी मित्राला समजावून सांगत होता.’ तारीख आपोआप पडते. रोज दोन-तीन मुलांबद्दल इतकंच. सत्राच्या शेवटी शीटमध्ये क्रमांकानुसार गाळून पाहिलं की प्रत्येक मुलाबद्दल तुमचीच चार-पाच वाक्यं तारखांसह समोर येतात. दिसलं ते तुमच्या डोळ्यांना, शब्दही तुमचेच. यंत्रानं फक्त गोळा करून ठेवलं. ज्यांच्यापुढे एकही वाक्य नाही अशी मुलंही त्यातून कळतात, आणि माझ्या मते या साधनाचा सर्वांत मोठा उपयोग तोच आहे. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे मुद्दाम पाहा.

पालकांना निरोप देण्याचं काम चेन्नईत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अंगावर येतं. ईशान्य मोसमी पाऊस त्या दिवसांत पडतो, जिल्हाधिकारी सकाळी सुट्टी जाहीर करतात आणि तेवढ्यात शेकडो घरांना कळवावं लागतं. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी तर शाळा काही दिवस बंदच होत्या. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हीच धावपळ असते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘क्विक रिप्लाय’ म्हणून मजकूर साठवता येतो. सुट्टीचा, अर्ध्या दिवसाचा, बस उशिरा येण्याचा, परीक्षा पुढे गेल्याचा, असे निरोप पाऊस नसताना शांतपणे लिहून ठेवा. ऐन वेळी तारीख बदलली की झालं. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, पण निरोप त्यांनाच पोचतो ज्यांनी शाळेचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे. पहिल्या पालकसभेत सर्वांकडून तो तिथल्या तिथं करून घ्या. एकदम हजारो निरोप पाठवून देतो म्हणणाऱ्या अनधिकृत साधनांच्या वाटेला जाऊ नका. नंबर कायमचा बंद होऊ शकतो.

निरोपाची भाषा हा आणखी एक प्रश्न. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातली, सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणाऱ्या गलाई कामगारांची आणि व्यावसायिकांची कुटुंबं देशभरच्या सराफ बाजारांत पसरली आहेत, तमिळनाडूतही आहेत. घरी मराठी, दुकानात तमिळ आणि मुलाच्या शाळेची सूचनाही तमिळमध्ये. गूगल लेन्स त्या कागदावर धरलं की मराठीत काय लिहिलं आहे ते बऱ्यापैकी कळतं. आयआयटी मद्रासमधला एआयफोरभारत हा गट आणि केंद्र सरकारचं भाषिणी हे अभियान भारतीय भाषांतल्या अशाच भाषांतरावर आणि बोललेलं लिहून घेण्यावर काम करतात. तरी तारीख, वेळ आणि रक्कम मूळ कागदावरूनच वाचा. दुकानाच्या हिशेबालाही शीट उपयोगी पडते: आलेलं वजन, वितळवल्यानंतरचं वजन, घट. तिसरा रकाना स्वतः भरायचा नाही, तो सूत्रानं आला पाहिजे. ग्राहकाशी बोलताना मग वाद उरत नाही.

रोजच्या किरकोळ कामांसाठी दोन सूचना. फोनच्या कीबोर्डमध्ये वैयक्तिक शब्दकोश असतो. तिथं लघुरूप नोंदवलं की दोन अक्षरांत पूर्ण पत्ता, बँकेचा तपशील किंवा नेहमीचं उत्तर उमटतं. आणि ठरावीक काळानं येणारी देणी कॅलेंडरमध्ये ‘पुन्हा येणारी’ म्हणून लावून टाका. तमिळनाडूत विजेचं बिल दोन महिन्यांनी येतं, आणि अशीच बिलं विसरली जातात.

दोन साधनांना जोडणारी साधनं याच्या पुढची पायरी. झोहो फ्लो, झॅपियर, मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट ही त्यांतली नावं. फॉर्म भरला गेला की यादीत ओळ जावी, पालकाला पोच जावी आणि मुख्याध्यापकांना कळावं, हे त्यांत जुळवता येतं. गूगल वापरत असाल तर ॲप्स स्क्रिप्टमध्ये हे मोफत होतं, मात्र साध्या खात्यावरून दिवसाला १०० जणांनाच ईमेल जातात. पहिल्या वर्षी इथं येण्याची घाई नको. यादी आणि फॉर्म अंगवळणी पडू द्या.

चॅटजीपीटीसारख्या साधनांचा मला दिसलेला खरा उपयोग एकाच जातीची पुष्कळ उदाहरणं करून घेण्याचा आहे. सरळव्याजाची वीस शाब्दिक उदाहरणं, गावचा आठवडी बाजार, एसटीचं तिकीट, ऊसतोडणीची मजुरी अशा संदर्भांत मागा. प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून पाहा, आणि मराठी वाक्यही पुन्हा लिहा. त्यांची मराठी पुष्कळदा हिंदीच्या वळणानं जाते. मुलाचं नाव, आजार, घरची परिस्थिती, आधार क्रमांक यांतलं काहीही तिथं टाकू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३चा कायदा १८ वर्षांखालच्या सर्वांना मूल मानतो आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवतो. शीट सर्वांसाठी खुली असलेली लिंक शिक्षकांच्या गटावर टाकणं हीदेखील माहिती बाहेर जाण्याचीच वाट आहे. नावं घालून परवानगी द्या.

आता तो जुना प्रयोग. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९मध्ये मद्रासच्या एग्मोरमधल्या लष्करी अनाथ मुलग्यांच्या शाळेचा प्रमुख झाला. तिथल्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली आणि ती रीत उचलली. शिक्षक कमी पडत होते, म्हणून थोडं अधिक येणाऱ्या मुलांना त्यानं इतर मुलांचे शिक्षक केलं. १७९७मध्ये त्यानं लंडनमध्ये या प्रयोगावर पुस्तिका काढली आणि ‘मद्रास पद्धत’ ब्रिटनभर व बाहेर पसरली. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या मद्रास कॉलेज या शाळेचं नाव त्यावरूनच आलं. गिरवणं, पाठांतर, उजळणी ही कामं अशी वाटून देता आली. पण पुढे ज्यांनी ती पद्धत उचलली, त्यांना तिचा स्वस्तपणाच जास्त आवडला. एका शिक्षकावर शेकडो मुलं सोपवली गेली. मोकळा झालेला शिक्षक अडलेल्या मुलाजवळ जाऊन बसू शकला असता. तेवढ्यात वर्गच मोठा झाला.

आपल्याकडेही वाचलेला वेळ लगेच भरून निघतो: आणखी एक तक्ता, आणखी एक अहवाल, आणखी एक ॲप. म्हणून साधन लावण्याआधीच वेळापत्रकात जागा राखा. निकालपत्रकाचे चार तास वाचणार असतील, तर ते चार तास कोणत्या मुलांसाठी आणि कोणत्या वारी, हे आधी लिहा आणि मुख्याध्यापकांना दाखवा. मुख्याध्यापक असाल तर तुमच्या शिक्षकांच्या त्या तासांवर दुसरं काम टाकू नका.

राहिली गोष्ट जपण्याची आणि सोपवण्याची. डिसेंबर २०१५च्या पुरात चेन्नईतल्या असंख्य घरांतली कागदपत्रं आणि गुणपत्रिका गेल्या. नव्या प्रती देण्यासाठी सरकारला खास शिबिरं घ्यावी लागली. मुख्य यादीची प्रत दर महिन्याला उतरवून दुसऱ्या जागी ठेवा आणि वर्षातून दोनदा कागदावरही छापा. यादी तुमच्या खासगी खात्यात नको, शाळेच्या खात्यात हवी, नाहीतर तुमची बदली झाली की सगळं तुमच्याबरोबर जातं आणि पुढचा शिक्षक पुन्हा हजेरीपटापासून सुरुवात करतो. एका पानावर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा: यादी कुठं आहे, कोणाकोणाला उघडता येते, कोणता तक्ता तिच्यातून काय घेतो, जूनमध्ये नवी मुलं कुठल्या क्रमानं भरायची आणि कोणत्या रकान्याला हात लावायचा नाही. ते पान शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टरशेजारी लावा.